तेच फिल्टर, तोच टाइम, तरी दुसऱ्या दिवशी प्रिंट हिरवट का येते

तुम्ही लिहिलंय की ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटिंगवर दोन वर्षांत हात बसलाय, आता कलर हेडवालं (आत रंगीत फिल्टर असलेलं) एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर पाडणारं यंत्र, मिळालं म्हणून आरए-४, म्हणजे कलर प्रिंटचा कागद धुवायची प्रोसेस, सुरू केलं आणि चार संध्याकाळींत साठेक कागद गेले. त्यातली एक प्रिंट अगदी मनासारखी आली, पण दुसऱ्या दिवशी तीच निगेटिव्ह, तेच फिल्टर, तोच टाइम ठेवून काढली तर हिरवट आली. मग तुमचे तीन प्रश्न आहेत: सुरुवातीचं फिल्ट्रेशन (रंगीत फिल्टरचे आकडे) किती ठेवायचं, कलर अ‍ॅनालायझर (निगेटिव्हचा रंग मोजणारं यंत्र) घ्यावा का, आणि कागद केमिकलमधून काढायला उघडा ट्रे बरा की बंद ड्रम बरा.

तिन्हीची उत्तरं देतो, पण मला विचाराल तर खरी अडचण ह्या तिन्हीत नाहीये, ती त्या "दुसऱ्या दिवशी हिरवट आली" मध्ये आहे. जे आकडे काल चालले ते आज चालत नसतील तर फिल्टर सोडून दुसरं काहीतरी बदललंय, आणि ते काय ते कळेपर्यंत तुम्ही फिल्टर फिरवत राहिलात तर चुकीच्या जागी दुरुस्ती करत राहाल. नवीन माणसाचे कागद इथेच जातात, माझेही सुरुवातीला इथेच गेले.

आधी एक सोपी गोष्ट करून बघा. दोन्ही प्रिंट पूर्ण वाळलेल्या, शेजारी शेजारी, एकाच उजेडात ठेवा. मी हे मुद्दाम सांगतोय, कारण निम्म्या वेळा असं निघतं की दोन्ही जवळपास सारख्याच आहेत, फक्त पहिली रात्री पिवळ्या बल्बखाली बघितली होती आणि दुसरी ट्यूबखाली. ट्यूबच्या आणि स्वस्त एलईडीच्या उजेडात हिरवट झाक खूप वेळा असते. शिवाय ओली प्रिंट बघून रंग कधीच ठरवायचा नाही, ओल्या कागदावर एक दुधी निळसर थर दिसतो आणि तो वाळल्यावरच जातो. मी हेअर ड्रायर ठेवतो, टेस्ट स्ट्रिप (चाचणीची छोटी पट्टी) असेल तर मिनिटभरात वाळते. बघायला ५००० केल्व्हिनचा चांगल्या सीआरआयचा (रंग खरे दाखवणारा) दिवा एका जागी कायमचा लावून ठेवा, मागची भिंत पांढरी किंवा करडी, आणि प्रत्येक प्रिंट तिथेच बघायची, खिडकीपाशी नेऊन "इथे बरी दिसतेय" असं करायचं नाही.

समजा शेजारी ठेवूनही दोन्हीत फरक आहे, मग केमिकल, तापमान, कागद नाहीतर एन्लार्जरचा दिवा, ह्यातलं काहीतरी हललंय.

केमिकलची परीक्षा अगदी दोन तुकड्यांत होते. दर वेळी काम सुरू करायच्या आधी कागदाचा एक तुकडा अंधारात, अजिबात उजेड न दाखवता तसाच प्रोसेस करायचा, आणि दुसरा तुकडा खोलीतला दिवा लावून चांगला उजेड खाऊ द्यायचा आणि मग प्रोसेस करायचा. पहिला स्वच्छ पांढरा आला पाहिजे, दुसरा गडद आणि खराखुरा काळा. पांढरा जर पिवळसर किंवा गुलाबी आला तर कागद जुना झालाय, नाहीतर कुठून तरी उजेड शिरतोय, नाहीतर डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या केमिकलमध्ये, काहीतरी मिसळलंय. काळा जर तपकिरी, हिरवट किंवा निळसर, दमल्यासारखा आला तर डेव्हलपर थकलाय किंवा गार आहे. हे दोन तुकडे बरोबर आल्याशिवाय मी निगेटिव्ह कॅरिअरमध्ये घालतच नाही. दहा मिनिटं जातात पण अख्खी संध्याकाळ वाचते.

आरए-४ चा ठरलेला हिशोब ३५ अंश सेल्सिअसला डेव्हलपर ४५ सेकंद आणि ब्लिक्स (ब्लीच आणि फिक्सर एकत्र असलेलं केमिकल) ४५ सेकंद असा आहे, हा मशीनसाठीचा. हाताने करताना ४५ सेकंदांत ओतणं, काढणं, निथळवणं ह्यातच बराच वेळ जातो म्हणून मी ड्रममध्ये पूर्ण १ मिनिट देतो. ट्रेमध्ये रूम टेम्परेचरला २ मिनिटं देऊन चांगल्या प्रिंट काढणारे लोक आहेत आणि ते चालतं, पण त्यासाठी डेव्हलपर तसा चालणारा हवा आणि तापमान रोज तेच हवं. डेव्हलपिंग थोडं जास्त झालं तर फारसं बिघडत नाही, कारण ही प्रोसेस जवळजवळ शेवटपर्यंतच जाते, पण कमी पडलं तर कागदातले तीन रंगांचे थर सारखे पूर्ण होत नाहीत आणि मग असा कलर कास्ट (अख्ख्या प्रिंटवर एका रंगाची झाक) येतो जो फिल्टरने नीट जातच नाही. त्यामुळे काल ट्रे २४ अंशांवर होता आणि आज २० वर असेल तर तुमचा हिरवटपणा तिथूनच आला असण्याची चांगलीच शक्यता आहे. थर्मामीटर ट्रेमध्ये बुडवून बघा, खोलीचं तापमान बघून अंदाज करू नका.

दुसरं म्हणजे ब्लिक्स. डेव्हलपरचे थेंब ब्लिक्समध्ये गेले तर लगेच काही होत नाही, पण ब्लिक्सचे थेंब डेव्हलपरमध्ये गेले तर तो गेलाच समजा. माझी एक संध्याकाळ अशी गेली होती की बॉर्डर पांढरी यायचीच बंद झाली, मळकट गुलाबी येत होती, मी कागदाला दोष दिला, नवीन पाकीट फोडलं, तरी तेच. शेवटी कळलं की ड्रमच्या झाकणाच्या आतल्या खाचेत ब्लिक्सचे थेंब राहत होते आणि पुढच्या प्रिंटला डेव्हलपर ओतला की त्यात उतरत होते. तेव्हापासून झाकण वेगळं काढून वाहत्या पाण्याखाली धुतो, आतून बोट फिरवतो, आणि मगच पुसतो. मेजरिंग जार, चिमटे, बाटल्यांची झाकणं सगळ्याला रंगीत टेप लावा, डेव्हलपरचं ते डेव्हलपरचंच. मध्ये स्टॉप बाथ घ्या, साधं सौम्य अ‍ॅसेटिक किंवा सायट्रिक चालतं, त्याने पट्टे पडत नाहीत. आणि ग्लोव्हज घालाच, कलर डेव्हलपरमधला सीडी-३ हा घटक कातडीला चांगला नाही, एकदा अ‍ॅलर्जी बसली की ती जात नाही. ब्लिक्सच्या वासासाठी हवा खेळती ठेवा.

ब्लॅक अँड व्हाइटवाल्यांसाठी एक खास गोष्ट, कारण सवयीने हात तिकडे जातो: लाल सेफलाइट (डार्करूममधला मंद दिवा) पूर्ण बंद. हा कागद लाल, हिरवा, निळा तिन्ही उजेड बघतो. टायमरवरचा छोटा एलईडी, मोबाइलची स्क्रीन, घड्याळाचे चमकणारे काटे, एन्लार्जरच्या हेडमधून वर छतावर पडणारा उजेड, सगळं झाका. चोरटा उजेड असेल तर त्याचा रंगही उलटा उमटतो, लाल उजेडाने सायन (मोरपिशी) फॉग, म्हणजे नको असलेली झाक, येतो, हिरव्या एलईडीने मजेंटा (राणी). तपासायला बेसबोर्डवर (एन्लार्जरच्या खालच्या फळीवर) कागदाचा तुकडा ठेवा, त्यावर एक नाणं, लेन्सवर झाकण घालून एन्लार्जर चालू करा आणि ३-४ मिनिटं तसंच राहू द्या. प्रोसेस केल्यावर नाण्याचा गोल दिसला तर उजेड शिरतोय. अंधारात कागदाची बाजू ओळखायला सांगायचं तर तो साधारण इमल्शनच्या (उजेड टिपणाऱ्या थराच्या) बाजूला आत वळतो, आणि कोपऱ्याला किंचित ओलसर बोट लावलं तर इमल्शन चिकटतं.

आता फिल्टर. आकडा हवाच असेल तर ५० यलो, ५० मजेंटा, सायन शून्य इथून सुरू करा, पण हा फक्त उभं राहायला जागा म्हणून. तुमचं हेड कुठलं, दिवा किती जुना, कागद कुठला, फिल्म कुठली ह्यावर तो बदलणारच. डर्स्टच्या हेडवरचे ३० आणि दुसऱ्या कंपनीच्या हेडवरचे ३० हे एकच माप नाहीये, म्हणून दुसऱ्याचे आकडे घेऊन काही होत नाही. सायन शून्यच ठेवायचा, कारण तिन्ही फिल्टर एकदम आत आले की त्यांचा सामाईक भाग नुसता करडा होतो, रंगात काही भर पडत नाही, उजेड तेवढा कमी होतो.

कुठला फिल्टर कुठे फिरवायचा हे पाठ करू नका, कारण पाठ केलेलं अंधारात उलटं होतं. एकदा समजून घ्या. कागदावर निळा उजेड पडला की तिथे पिवळा रंग तयार होतो, हिरवा पडला की मजेंटा, लाल पडला की सायन. यलो फिल्टर निळा उजेड अडवतो. म्हणजे यलो वाढवला की कागदाला निळा कमी मिळतो आणि प्रिंटमधला पिवळा कमी होतो. झालं, प्रिंट पिवळी असेल तर यलो वाढवा, मजेंटा दिसत असेल तर मजेंटा वाढवा, लाल असेल तर दोन्ही सारखे वाढवा. उलट्या बाजूला, निळी असेल तर यलो कमी, हिरवी असेल तर मजेंटा कमी, सायन असेल तर दोन्ही कमी. प्रिंटमध्ये जो रंग जास्त झालाय तोच फिल्टरमध्ये वाढवायचा, पहिल्यांदा ऐकताना हे उलटं वाटतं पण निगेटिव्हवरून प्रिंट करताना असंच असतं.

पण खरी गडबड ह्याच्याही आधी होते, रंगाचं नाव ठेवण्यात. आपण सहज बोलताना "लालसर" म्हणतो आणि त्यात दोन अगदी वेगळे कास्ट कोंबतो, एक तांबूस-शेंदरी आणि एक राणी कलर. राणी कलर म्हणजेच मजेंटा, त्याला फक्त मजेंटा वाढवायचा. तांबूस म्हणजे खरा लाल, त्याला दोन्ही. तसंच "निळसर" चं, नीळ दिल्यासारखा निळा वेगळा आणि मोरपिशीकडे झुकणारा वेगळा, तो मोरपिशी म्हणजे सायन. मी शिकवायला बसतो तेव्हा प्रिंट समोर ठेवून पहिले दोन तास फक्त एवढंच विचारतो, राणी का तांबूस, नीळ का मोरपिशी. ज्याला हे पटकन सांगता यायला लागलं त्याचे कागद निम्म्याने कमी लागतात. सरावासाठी एकदाच एक रिंग-अराउंड करून ठेवा, म्हणजे एक बरोबर प्रिंट मध्ये आणि तिच्याभोवती १० आणि २० ने सहाही दिशांना चुकवलेल्या छोट्या प्रिंट, मागे आकडे लिहून. कंटाळवाणं काम आहे, पण ती पाटी जपून ठेवली की पुढची कित्येक वर्षं शंका आली की तिच्याशी लावून बघता येतं.

बघायचं कुठे, तर गडद सावल्यांत नाही आणि कोऱ्या पांढऱ्यातही नाही, मधल्या करड्या भागात. पांढऱ्या शर्टाच्या कॉलरखाली पडलेली हलकी सावली, सिमेंटची भिंत, पिकलेले केस, रस्ता. आणि लवकर बघायचं. नजर फार पटकन जुळवून घेते, दहा सेकंद टक लावून बघितलं की हिरवी प्रिंटसुद्धा बरी वाटायला लागते. पहिल्या दोन सेकंदांत जे वाटलं ते बोलून टाका, मग नजर करड्या भिंतीवर न्या, परत बघा. व्ह्यूइंग फिल्टर (रंग तपासायच्या रंगीत पारदर्शक पट्ट्या) मिळाले तर घ्या, पण ते प्रिंटवर ठेवायचे नाहीत, डोळा आणि प्रिंटच्या मध्ये धरून झटकन आत-बाहेर करायचे. ज्या फिल्टरमधून प्रिंट बरोबर दिसते त्याच्या विरुद्ध रंगाचा कास्ट आहे, आणि दुरुस्ती मी त्या फिल्टरच्या साधारण निम्म्याने करतो, कारण कागदाचा कॉन्ट्रास्ट बदल वाढवून दाखवतो.

आणि आधी डेन्सिटी (प्रिंट किती गडद ते), मग रंग. फिकट प्रिंटमध्ये कास्ट कळत नाही आणि काळपट प्रिंटमध्ये सगळंच मळकट दिसतं, म्हणून आधी टेस्ट स्ट्रिपवर एक्स्पोजर जमवा. टाइम शक्यतो १० सेकंदांच्या आसपास कायम ठेवा आणि उजेड लेन्सच्या अ‍ॅपर्चरने कमी-जास्त करा, टाइम फार लांबवला की रंगही सरकू शकतो. यलो बदलला तर टाइमला जवळजवळ हात लावावा लागत नाही, मजेंटा १० ने वाढवला तर टाइम साधारण पाचव्या हिश्श्याने वाढवावा लागतो. पहिली उडी २० ची मारा, मग १०, शेवटी ५ किंवा त्याहून कमी. सुरुवातीलाच २-२ ने सरकणारा माणूस रात्रभर तिथेच फिरत राहतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे तुम्हाला ब्लॅक अँड व्हाइटमधून माहीतच आहे पण कलरमध्ये दमल्यावर आपण ते सगळ्यात आधी विसरतो.

कधी कधी असं होतं की सावल्या हिरव्या आणि चेहरे राणी, एक बरोबर केलं की दुसरं बिघडतं. ह्याला क्रॉसओव्हर म्हणतात, जुनी फिल्म किंवा फिल्म डेव्हलप करतानाच सी-४१ ह्या कलर फिल्म प्रोसेसचं ३७.८ अंशांचं तापमान नीट न सांभाळल्यामुळे येतो आणि तो एन्लार्जरवर सुटत नाही. तेव्हा शिकायला अशी निगेटिव्ह घेऊच नका.

आता मी ज्यासाठी एवढं लांबण लावलं ते. तुम्हाला एक मास्टर निगेटिव्ह हवी. ताज्या फिल्मवर, मोकळ्या सावलीत, एक माणूस, अंगात पांढरा शर्ट, हातात ग्रे कार्ड (ठरावीक करड्या रंगाचं कार्ड), शेजारी एखादी लाकडी वस्तू आणि काहीतरी काळं, एक्स्पोजर बरोबर, फिल्म चांगल्या ठिकाणी धुतलेली. माझी अशी एक निगेटिव्ह कित्येक वर्षं चाललीय. तिची एक प्रिंट अशी काढा की ग्रे कार्ड खरंच करडं आहे आणि चेहरा बघून मन भरतं, त्याला पंचवीस कागद लागले तरी लागू देत, कारण हे पंचवीस वाया जात नाहीत. मागे पेन्सिलीने फिल्टर, टाइम, अ‍ॅपर्चर, हेडची उंची, कागदाचा बॅच नंबर, तापमान सगळं लिहा. इथून पुढे दर संध्याकाळी ते दोन तुकडे झाल्यावर पहिली स्ट्रिप ह्या निगेटिव्हची, त्याच आकड्यांवर. जुन्या प्रिंटशी जुळली तर आज सगळं जागेवर आहे आणि तुम्ही निश्चिंतपणे दुसऱ्या निगेटिव्हला हात घाला. नाही जुळली तर नवीन कामाला हात लावायच्या आधीच कळलं की केमिकल, तापमान, दिवा, कागद ह्यात काहीतरी सरकलंय, आणि दोन तुकडे बरोबर आले असतील तर बहुतेक दिवा किंवा कागदच. तुमच्याकडे व्होल्टेज खाली-वर होत असेल तर दिव्याचा रंगही त्याबरोबर हलतो, कमी व्होल्टेजला पिवळा-तांबूस होतो, त्याला स्टॅबिलायझर लावावा लागतो.

अ‍ॅनालायझरचं उत्तर पण ह्यातच आलं. ते मशीन बरोबर रंग कुठला ते सांगत नाही, तुम्ही त्याला एक बरोबर प्रिंट शिकवलीत तर नवीन निगेटिव्ह तिच्यापासून किती लांब आहे एवढं सांगतं. मास्टर प्रिंट नसेल तर त्याला शिकवायला तुमच्याकडे काहीच नाही, आणि असेल तर बऱ्याच वेळा त्याची गरजच राहत नाही, कारण फिल्मचा तोच ब्रँड आणि तोच उजेड असेल तर मास्टरच्या आकड्यांवरूनच पहिली स्ट्रिप १०-१५ च्या आत येते. म्हणून सहा महिने थांबा. वेगवेगळ्या लोकांच्या वेगवेगळ्या फिल्म प्रिंट करायची वेळ आली तर मात्र घ्या, तिथे त्याचा खरंच उपयोग आहे.

ट्रे की ड्रम हे तुमच्या जागेवर आणि स्वभावावर आहे. तुमची सध्याची अडचण बघता मी ड्रम सांगेन, कारण कागद आत गेला की दिवा लावता येतो, तापमान सांभाळणं सोपं जातं आणि दर प्रिंटला थोडासा ताजा डेव्हलपर वापरून टाकून देता येतो, म्हणजे थकलेल्या डेव्हलपरची शंका कायमची मिटते. तोटा एवढाच की दर वेळी धुवून कोरडा करावा लागतो, आत पाण्याचे थेंब राहिले तर कागदावर डाग पडतात. एका संध्याकाळी पंधरा-वीस प्रिंट काढायच्या झाल्या की ड्रमचा कंटाळा येतो, तेव्हा ट्रेकडे जा, तोपर्यंत अंधारात हातही सरावलेले असतील.

मास्टर प्रिंट दिव्याखाली टांगून ठेवू नका, उजेडाने तीसुद्धा हळूहळू उतरते. जाड पाकिटात, अंधारात, कोरड्या जागी ठेवा आणि जुळवायला लागेल तेव्हाच बाहेर काढा. कागदाचं नवीन पाकीट फोडलं की बॅच बदललेला असू शकतो, तेव्हा त्यातला पहिला कागद मास्टरला द्यायचा आणि नवे आकडे जुन्याच्या खाली लिहायचे. माझ्या पाकिटात आता अशा बऱ्याच प्रिंट झाल्यात. तुमची ती मनासारखी आलेली प्रिंट आणि हिरवट आलेली, दोन्ही जपून ठेवा, मास्टर झाली की तिच्या शेजारी ठेवून बघा की त्या दोघींपैकी नेमकी कुठली चुकली होती.